घरालाही नाक हवे!

गेल्या पौषातली गोष्ट आहे. एकतीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवलेल्या बाईने ती स्वतःच्या तोंडाने सांगावी, यात काही भूषण नाही. पण मी गप्प बसले, तर माझ्यासारख्या शहाण्या बायका घरोघर आहेत, त्यांना सावध कोण करणार? म्हणून लाज बाजूला ठेवून सांगते.

माझी धाकटी लेक यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणीला असते. ती तिथे शाळेत शिकवते, जावई बँकेत आहेत आणि पाच वर्षांची एक नात आहे. 'आई, एकदा तरी येऊन जा,' असा लकडा तिने तीन वर्षे लावला होता. निवृत्त माणसाला सबबी तरी किती सापडणार! शेवटी निघाले. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याने पांढरकवड्यापर्यंत आले आणि तिथून आत वळले. दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेली कपाशी, मधूनच सागाची झाडे, आणि बसमध्ये मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी नि कोलामी. पैनगंगा ओलांडली की पलीकडे तेलंगणच.

विदर्भ म्हटला की आम्हा पुणेकरांना आठवते ते ऊन. मीही पिशवीत सुती साड्याच भरल्या होत्या. एक शाल घेतली होती, तीही मिरवायला. पहिल्याच रात्री माझी खोड मोडली. दिवसा अंगणात बसवत नाही असे ऊन आणि रात्री दातांवर दात वाजवणारी थंडी! याचे कारण मीच मुलांना वर्षानुवर्षे शिकवले होते. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र; त्यामुळे जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सरळ आकाशात निघून जाते. ऐन थंडीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली उतरला, तरी तिथल्या माणसांना त्याचे नवल वाटत नाही. नवल वाटले ते मला. आणि त्या नवलाच्या भरातच मी पुढचा उद्योग केला.

निखाऱ्यांची रात्र

तिसऱ्या दिवशी जावई कामासाठी यवतमाळला गेले होते. आम्ही तिघी एकाच खोलीत निजणार होतो. खोली दहा फूट बाय बारा फूट, विटांच्या भिंतींची, वर स्लॅब. बाहेरच्या भिंतीत एक खिडकी आणि तिच्या वर, छताला लागून, दोन लहान झरोके. त्या झरोक्यांतून येणारी गार हवा मला सारखी खुपत होती. त्यातून नातीला आधीच सर्दी झालेली. मी स्टुलावर चढले आणि दोन्ही झरोक्यांत जुनी वर्तमानपत्रे कोंबली. खिडकी लावून तिच्यावर चादर टाकली, दाराच्या फटीला गोणपाट लावले.

एवढ्यावर थांबले असते, तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. पण अंगणात अंघोळीचे पाणी तापवण्याची चूल होती आणि तिच्यात लालबुंद निखारे उरले होते. ते मी लोखंडी घमेल्यात काढले आणि खोलीच्या कोपऱ्यात आणून ठेवले. लेक म्हणालीसुद्धा, "आई, धूर होईल गं."

मी ठसक्यात म्हणाले, "धूर लाकडाचा होतो, निखाऱ्याचा नव्हे. निखारा अगदी निर्धोक!"

खोली कशी छान उबली! आम्ही तिघी गाढ झोपलो. रात्री दीड-दोनच्या सुमारास नात रडत उठली आणि तिला उलटी झाली. मला ते ऐकू येत होते, पण उठावेसे वाटेना. डोके ठणकत होते, हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड. 'पोरीला पित्त झालेले दिसते,' एवढाच विचार मनात येई आणि पुन्हा डोळा लागे. लेक मात्र उठली. दोन पावले गेली आणि मटकन खाली बसली. तशीच सरपटत जाऊन तिने दाराची कडी काढली. तिला हे कसे सुचले, ते तिला अजूनही सांगता येत नाही. बाहेरची गार हवा आत आली आणि आम्ही वाचलो.

शेजारी धावून आले. त्यांनी आम्हाला दवाखान्यात नेले, तिथे तिघींनाही प्राणवायू लावला. तरुण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "आजी, निखारे आत घेतले होते ना?" मी मान हलवली. पहाटेपर्यंत नात हसू-बोलू लागली. पण तिच्याकडे पाहताना माझ्या पोटात जो गोळा उठला होता, तो आजही आठवला की पुन्हा उठतो.

वाचक म्हणतील, झाले तरी काय? झाले ते असे. निखाऱ्याला भरपूर प्राणवायू मिळाला नाही, म्हणजे त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. धूर बिचारा डोळ्यांत पाणी आणून आपल्याला सावध तरी करतो. हा वायू सावध माणसालाच झोपवतो. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे, सुस्ती वाटणे ही त्याची लक्षणे. आणि ती सगळी पित्ताची किंवा सर्दीची वाटतात. करोनाच्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचा प्राणवायूमापक चिमटा असतो. त्याच्यावरही अशा वेळी विसंबू नये. रक्तात हा वायू चढलेला असला, तरी तो साधा चिमटा त्यालाच प्राणवायू समजून चांगला आकडा दाखवतो. दारे उघडायची, माणसांना बाहेर मोकळ्या हवेत आणायचे आणि दवाखाना गाठायचा, हाच उपाय. आणि निजायच्या खोलीत निखाऱ्याला कधीच थारा द्यायचा नाही. खिडकी उघडी असली तरीसुद्धा नाही.

दुसरी चूक

पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. दुसऱ्या रात्री मी खिडकी, दार, झरोके सगळे सताड उघडे टाकले. परिणाम व्हायचा तोच झाला. वारा खोलीतून असा फिरला की पांघरुणे असून नसल्यासारखी झाली. नातीचा खोकला वाढला आणि आम्ही तिला मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसलो.

म्हणजे पेच असा: हवा घ्यावी तर ऊब जाते, ऊब राखावी तर हवा जाते. हा पेच काही माझा एकटीचा नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी रुग्णसेवेवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक १८५९ साली लिहिले, त्यात हवेचा धडा सगळ्यांच्या आधी घातला आहे. रुग्णाला बाहेरच्यासारखी स्वच्छ हवा मिळाली पाहिजे, पण त्याला गारठा लागता कामा नये, ही त्यांची पहिली अट. गार खोली आणि हवेशीर खोली यांची गल्लत करू नका, असे त्या पुन्हा पुन्हा बजावतात. खोली गार असूनही कोंदट असू शकते आणि उबदार असूनही हवेशीर असू शकते. मी दोन रात्रींत दोन्ही टोके गाठली होती. मधली वाट मला सापडलेली नव्हती.

पोडावरची आजी

लेकीकडे पऱ्हाट्यांचे सरपण घेऊन एक कोलाम आजी येते. कपाशीची वाळलेली झाडे म्हणजे पऱ्हाट्या. त्या भागातले ते मुख्य जळण. तिच्या कानावर आमची हकीकत गेलीच होती. डोक्यावरचा भारा उतरवत ती मला म्हणाली, "इस्तो घरात कोंडून नाई ठेवत बाई. थो जीव घेते."

शास्त्राच्या बाईला शास्त्राचा धडा मिळाला! मी तिला विचारले, "मग तुमच्या पोडावर थंडीत काय करता?" तर ती म्हणाली, "येऊन पाय ना."

कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन मी गेले. आजीचे जुने घर कुडाचे आहे. बांबूच्या कामट्या विणून त्यावर माती नि शेण लिंपलेले, वर कवेलू. आत चूल पेटली होती. बाहेरून पाहिले, तर कवेलूंच्या फटींतून आणि कुडाच्या वरच्या, न लिंपलेल्या पट्टीतून धूर सगळीकडून झिरपत होता. जणू घराच्या अंगावर रोमरंध्रेच होती! खाली दाराशी गार हवा आत येत होती, वर आढ्यापाशी गरम हवा बाहेर पडत होती. विस्तव पेटलेला असूनही जीव कोंडत नव्हता.

पण उगाच कौतुक करून वाचकांची फसवणूक करणार नाही. त्या धुराने आजीचे डोळे लाल झालेले होते आणि बोलता बोलता ती खोकत होती. हवा खेळते म्हणून धूर सगळाच जातो असे नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८० नंतरच्या दशकात गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, ते मोजायला सुरुवात केली, तेव्हापासून जगाला या दुखण्याचे खरे माप कळू लागले.

जुन्या घराशेजारी आजीच्या मुलाचे नवे पक्के घर उभे आहे. विटा, सिमेंट, वर पत्रा आणि एक लहानशी खिडकी. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना विशेष दुर्बल म्हणून शासनाने नोंदले आहे. त्यांच्यासारख्या जमातींना पक्की घरे मिळावीत म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान जनमन योजनाही सुरू झाली. पक्के घर हवेच; साप-विंचवापासून, पावसापासून ते राखते. पण या नव्या घरात एक गोष्ट मला चटकन दिसली. त्या एकुलत्या खिडकीत थंडीसाठी गोणपाट कोंबलेले होते. पुण्याहून आलेल्या बाईने केले होते, अगदी तेच! जुन्या घराला नाक होते, ते नव्या घराला द्यायचे राहून गेले होते. आजी निजते नव्या घरात आणि स्वयंपाक करते जुन्या घरात. मी तिला म्हटले, "आजी, तुझेच शास्त्र खरे."

हवेचे वजन, भिंतीचे वजन

परत आल्यावर मी नातीच्या पाटीवर हिशेब मांडला. आता वाचकहो, थोडे गणित. पण घाबरू नका, स्वयंपाकघरातलेच आहे.

दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात सुमारे ४० किलो हवा असते. आणि त्याच खोलीच्या नऊ इंची विटांच्या चार भिंती? दार-खिडकी वगळूनही त्यांचे वजन १५ टनांच्या घरात जाते. ऊब साठते ती वजनात. एका अंशासाठी भिंती जेवढी उष्णता साठवतात, ती हवेच्या तीनशे पट भरते. म्हणजे घराची ऊब हवेत नसते, ती भिंतींत, जमिनीत, अंथरुणात नि आपल्या अंगात असते.

याचा अर्थ काय? खोलीतली सगळी कोंदट हवा एकदा बाहेर घालवली आणि तिच्या जागी दहा अंशांनी गार अशी ताजी हवा घेतली, तर ती पुन्हा तापवायला लागते तेवढी उष्णता, जेवढी सव्वा लिटर पाण्याला आधण यायला लागते. तेवढी भिंती सहज देतात आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ऊब खरी वाया जाते ती खिडकी रात्रभर सताड उघडी टाकल्याने. कारण मग भिंतीच गार पडतात.

आता दुसरी बाजू. आपण सोडतो त्या श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के. म्युनिकचे शास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ साली असे ठरवले, की खोलीत हा वायू ०.१ टक्क्याच्या वर गेला की हवा शिळी झाली असे समजावे. तेवढ्याने कोणी दगावत नाही. पण शिळेपणाचे ते माप आहे. त्या मापाने आमच्या बंद खोलीतली हवा आम्ही तिघींनी तासाभराच्या आतच शिळी केली होती! शिवाय झोपेत तिघींच्या श्वासातून नि घामातून पाऊण लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. ते गार भिंतीवर बसते, पोपडे येतात, बुरशी धरते. आणि ती बुरशी दमेकऱ्यांची वैरीण. 'हिवाळ्यात या कोपऱ्याला ओल कुठून येते कोण जाणे,' असे आपण म्हणतो. ती ओल पुष्कळदा आपल्याच श्वासाची असते.

वर एक, खाली एक

जावई परत आल्यावर आम्ही तिघांनी मिळून खोलीची मांडणी बदलली. खर्च म्हणाल तर किरकोळ.

पहिले म्हणजे झरोक्यांतली वर्तमानपत्रे काढली आणि डासांसाठी बारीक जाळी बसवली. गरम, शिळी हवा हलकी असते, ती वर चढते आणि छतापाशीच्या झरोक्यातून निघून जाते. दुसरे म्हणजे दाराखालच्या फटीतले गोणपाट काढले. हे दार मधल्या खोलीत उघडते. म्हणजे तिथून येणारी हवा मधल्या घरातून फिरून, तिचा गारठा मोडूनच आत येते. बाहेर जाणारी वाट वर आणि आत येणारी वाट खाली, एवढ्यात सगळे आले. तिसरे म्हणजे नातीचे अंथरूण बाहेरच्या भिंतीपासून दूर आणि हवेच्या वाटेवरून बाजूला घेतले. खिडकीला जाड पडदा लावला. ऊब हवी ती खोलीला नव्हे, अंगाला. म्हणून पायमोजे, कानटोपी, दोन गोधड्या आणि निजण्याआधी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी.

चौथी गोष्ट सूर्याची. डिसेंबरच्या अखेरीस झरीला भर दुपारचा सूर्यही दक्षिणेकडे, आकाशात सुमारे ४७ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत पार जमिनीपर्यंत पोचते. ती खिडकी आम्ही दिवसभर उघडी ठेवू लागलो. चार वाजता ऊन उतरले की खिडकी बंद! दिवसाची कमाई भिंतींच्या तिजोरीत जमा. पहाटे उठल्याबरोबर मात्र दार-खिडकी सताड उघडून दहा मिनिटे हवा पालटायची आणि पुन्हा लावायची.

मी उशाशी तापमापक ठेवला होता. झरोके बंद असताना आणि उघडे असताना पहाटेच्या तापमानात दोन अंशांहून जास्त फरक पडला नाही. फरक पडला तो डोक्यात. सकाळी उठल्यावरचे जडपण गेले आणि आठवडाभरात नातीचा रात्रीचा खोकला थांबला.

हवा औषध नव्हे, पण...

हवेच्या बाबतीत माणसे अतिरेकही करतात. क्षयाला औषध नव्हते, त्या काळात पाचगणी, मिरजेसारख्या ठिकाणी क्षयाची आरोग्यधामे होती आणि मोकळी हवा हाच मोठा उपचार मानला जाई. पुढे मद्रासच्या क्षय-संशोधन केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निकाल जाहीर झाला. घरी राहिलेलेही जवळजवळ तेवढेच बरे झाले होते. बरे करतात ती औषधे, हे सिद्ध झाले.

मग हवेचे काम काय? तेही त्याच सुमारास उमगले. अमेरिकेत बाल्टिमोर येथे रायली नावाच्या शास्त्रज्ञांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळाने वरच्या खोलीत नेली. तिथे गिनीपिग नावाचे लहान प्राणी ठेवले होते. रुग्णाजवळ एकदाही न जाता त्या प्राण्यांना क्षय झाला! म्हणजे रोग हवेतून जातो. आणि ताजी हवा त्याला पातळ करते. २००७ साली पेरू देशातल्या लिमा शहरात असे दिसले, की उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इस्पितळांत, खिडक्या उघड्या ठेवल्या की हवा जितकी खेळते, तितकी यंत्रे लावलेल्या नव्या वॉर्डांतही खेळत नाही. आपल्या आजोबांचे उंच माळवद अगदीच अडाणी नव्हते तर!

धुराचे म्हणाल, तर त्याचाही विचार आमच्या विदर्भातच झालेला आहे. यवतमाळच्या शेजारचा जिल्हा वर्धा. तिथे मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. त्याच मगनवाडीत धुराडे असलेली मातीची 'मगनचूल' तयार झाली. १९५३ साली हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी धूर नसलेल्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. कल्पना उत्तम, अडचण एवढीच, की धुराडे काजळीने तुंबते आणि ते वेळोवेळी झाडावे लागते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि खेड्यातही गॅस पोचला. तरी अंघोळीचे पाणी चुलीवरच तापते, आणि निखारे तिथेच शिल्लक राहतात!

अतिथंड देशांत काय करत असतील, या कुतूहलाने मी कॅनडातल्या माझ्या भाच्याला विचारले. तिथे बाहेर उणे वीस अंश असतात. खिडकी उघडायची सोय नाही. त्याच्या घराच्या तळघरात एक पेटी आहे. घरातली शिळी, उबदार हवा आणि बाहेरची ताजी, गार हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात. हवा हवेत मिसळत नाही, पण जाणारी हवा आपली बरीचशी ऊब येणाऱ्या हवेच्या ओटीत घालून जाते. सासरी निघालेल्या मुलीने माहेरच्या किल्ल्या भावजयीकडे देऊन जावे तसे! आपल्याकडे त्या पेटीची गरज नाही. आपले दुपारचे ऊन आणि जाड भिंती तेच काम फुकट करतात.

शहरातल्या घरांसाठी

'हे झरीचे झाले, आमच्या फ्लॅटचे काय?' असे कोणी विचारील. फ्लॅटची अवस्था तर आजीच्या मुलाच्या नव्या घरापेक्षा वेगळी नाही. जुन्या वाड्यांत नि चाळींत दाराच्या वर झडप असे. आताच्या सरकत्या खिडकीला ती नाही, आणि ती अर्धीच उघडते. म्हणून थंडीत निजताना सरकती खिडकी दोन बोटे तरी उघडी असावी आणि आतले दार किलकिले. पलंग खिडकीखालून हलवावा. भिंतीवरचा एसी त्याच खोलीतली हवा गार करून फिरवत असतो; बाहेरची हवा तो आत आणत नाही. तेव्हा एसी लावणाऱ्यांनीही निजण्यापूर्वी आणि उठल्यावर दहा मिनिटे खिडक्या उघडाव्यात. गॅसचा गिझर न्हाणीघरात बसवू नये. बंद न्हाणीघरात तोही माझ्या घमेल्याचाच भाऊ. बंद खोलीत डासांची अगरबत्ती जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

एक सावधगिरी मात्र हवी. थंडीत पहाटे नि संध्याकाळी धूर जमिनीलगत साचून राहतो. शेजारी कोणी कचरा पेटवला असेल, तर तेवढा वेळ खिडकी लावावी आणि घराची मुख्य हवा दुपारी, ऊन चांगले तापल्यावर पालटावी.

उन्हाळ्यात हेच वेळापत्रक उलटे करायचे. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास झरीला सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा दिवसा खिडक्या बंद, पडदे ओढलेले. आणि रात्री सगळे उघडे, म्हणजे भिंती गार होतात. घर तेच, झरोके तेच. फक्त वेळ बदलायची. गेल्या मे महिन्यात लेकीने तसे केले आणि दुपारी निजायची खोली सुसह्य राहते, असे मला फोनवर सांगितले.

कोलाम आजीच्या मुलानेही आपल्या नव्या घराच्या भिंतीत, पत्र्याखाली, दोन विटा काढून जाळी बसवली. कोणाच्या सांगण्यावरून, म्हणाल तर आईच्या. मी फक्त माझी फजिती सांगितली होती.

आमची नात त्या झरोक्यांना 'घराचे नाक' म्हणते. सर्दी झाली की तिचे नाक चोंदते, तेव्हा ती म्हणते, "आजी, माझ्या नाकात पण तू कागद कोंबलेस का?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.

दिवाळी आली. घरोघर जळमटे काढणे, रंग देणे चालू असेल. तेव्हा एक करा. स्टुलावर चढून प्रत्येक खोलीचे झरोके पाहा. कुठल्यात गेल्या थंडीचे वर्तमानपत्र कोंबलेले असेल, कुठल्यावर जुन्या पेट्यांची चळत रचलेली असेल. ते काढा, जाळी धुऊन परत लावा, आणि मगच खाली उतरून आकाशकंदील टांगा.